प्लंज सॉ घेताना आधी रेल बघा

मॉड्युलर किचनच्या साइटवर अजूनही चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापला जातो. ते यंत्र दगडासाठी बनवलेलं आहे. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं, आणि पात्यावर आपोआप मिटणारं कव्हर त्याला नसतं. दाते प्लायमध्ये अडकले की ते थेट हाताकडे उसळतं. प्लंज सॉ या विजेच्या करवतीचं पातं एरवी कव्हरच्या आत असतं. हँडल दाबलं की खाली उतरतं, सोडलं की स्प्रिंगने वर जातं. पण पैसे खरे वसूल होतात ते रेलमुळे, म्हणजे करवत जिच्यावरून सरळ सरकते त्या लांब पट्टीमुळे. म्हणून वॅट आणि पात्याचा आकार बघण्याआधी रेल ठरवा.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. लांबीत कापायचं तर पातं शीटच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपायला हवं. दोन्ही टोकांना १५०-२०० मिमी रेल बाहेर धरली तर साधारण २.८ मीटर लागते. ३ मीटरची अखंड रेल कागदावर उत्तम, पण बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर वाकते. १४०० मिमीच्या दोन रेल आणि जोडपट्ट्या हे जास्त सोयीचं. जोडताना नुसते स्क्रू आवळू नका. खात्रीची सरळ पट्टी दोन्ही रेलच्या कडेला लावा आणि मगच आवळा. सांध्यात अर्धा मिमीचा फरक राहिला तरी आठ फुटी कापात पोट दिसतं, आणि दोन शटर, म्हणजे कपाटाची दारं, शेजारी लावल्यावर ते लपत नाही.

रेल कोणती कुठे चालते तेही आधीच बघा. माकिता कंपनीची करवत फेस्टूल कंपनीच्या रेलवर चालते, फेस्टूलची माकिताच्या. बॉशची एफएसएन रेल वेगळ्या घडणीची आहे, ती मॅफेलच्या करवतींशी जुळते. एकदा रेल घेतली की पुढची करवतही त्याच घराण्यातली घ्यावी लागते. सगळे पॅनल कारखान्यातून पॅनल सॉवर (शीट कापायच्या मोठ्या यंत्रावर) कापून येत असतील आणि साइटवर फक्त फिलर (कपाट आणि भिंतीमधली फट झाकणारी पट्टी), स्कर्टिंग आणि साइड पॅनल छाटायचे असतील, तर एक १४०० ची रेल पुरते.

आता करवत. १६० किंवा १६५ मिमीचं पातं आणि २० मिमीचं भोक हा नेहमीचा आकार. कापाची खोली काटकोनात ५५ मिमीच्या आसपास, ४५ अंशांवर ४० मिमीच्या आसपास मिळते. १८-१९ मिमीचा प्लाय, ३०-३५ मिमीचा फ्लश डोअर आणि जाड लाकडी काउंटर, सगळं त्यात बसतं. किचनसाठी त्याहून मोठी करवत म्हणजे खांद्याला ओझं. ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा ओटा मात्र या करवतीचं काम नाही. पाणी आणि दगडाची धूळ दोन्ही तिला मारक.

१२०० ते १४०० वॅट पुरतात. वेग कमी-जास्त करता येणं त्याहून महत्त्वाचं: सनमाईका लावलेल्या प्लायला पूर्ण वेग, ॲक्रिलिकला कमी, नाहीतर कडा वितळून पात्याला चिकटते. रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागची पातळ पट्टी, असेल तर उत्तम. ओला किंवा वाकलेला प्लाय कापल्यावर मिटतो, पात्याला चिमटा बसतो आणि करवत मागे उसळते. पट्टी ती फट उघडी ठेवते. माकिताच्या एसपी६००० ला ही पट्टी नाही, पण तिला दोन-तीन मिमीचा खूण-काप घ्यायला वेगळा थांबा, म्हणजे पातं तेवढ्यावरच अडवणारा खटका, आहे. सनमाईकाचं काम जास्त असेल तर तो थांबा रोज उपयोगी पडतो.

त्याचं कारण असं. पात्याचे दाते खालून वर येतात, म्हणून खालची बाजू स्वच्छ कापली जाते आणि वरची सनमाईका उचलली जाते. उथळ कापात दात पृष्ठभागाला जवळपास समांतर बाहेर पडतो, त्यामुळे चिप कमी उडते. आधी दोन-तीन मिमीचा काप, मग पूर्ण खोली. रेलच्या कडेची रबरी पट्टीही तेच काम करते, पण नवी पट्टी आधी त्याच पात्याने कापून घ्यावी लागते: पाच-सहा मिमी खोली, पूर्ण वेग, हात संथ. त्यानंतर पट्टीची कड म्हणजेच कापाची रेघ. जाडी वेगळी असलेलं पातं लावलं की रेघ खोटी ठरते. दुसऱ्या मिस्त्रीची करवत त्या रेलवर फिरवू नका.

पातं ४८ दात्यांचं घ्या. २४ दात्यांचं फक्त सागवान लांबीत चिरायला. पातं बोथट झालं की कापाची कड काळी पडते आणि माणूस नकळत ढकलायला लागतो. जळका वास आला की पातं बदला.

खोली ठरवताना शीटची जाडी, त्यात रेलची साधारण पाच मिमी, आणि वर दोन-तीन मिमी. काही करवतींच्या खोलीच्या मोजपट्टीवर रेल धरून आणि रेल न धरता अशा दोन खुणा असतात. चुकीची वाचली की खालचा पाच मिमी न कापता राहतो. शीटखाली ५० मिमीचा एक्सपीएस फोम (कडक फोमची शीट) पसरा. थर्माकोलही चालतं, पण मणी घरभर उडतात.

फिलर पट्टी ५० मिमीची असेल तर रेल तिच्यावर बसत नाही, डुलते. शेजारी त्याच जाडीचा तुकडा ठेवा. भिंत ओळंब्यात नसेल तर फिलरची मागची कड तीन-चार अंशांनी आत उतरती कापा, म्हणजे पुढची कड भिंतीला नीट टेकते. भिंत लाटेसारखी असेल तर जिगसॉ किंवा रंधा घ्या, इथे प्लंज सॉचा हट्ट नको. शीटच्या मध्ये सॉकेटची खिडकी (चौकोनी भोक) कापताना रेलवर करवतीमागे स्टॉपर लावा, मोटर सुरू करून मग हळू उतरवा, कोपरे जिगसॉने पूर्ण करा.

भुशासाठी नळीचा अडॅप्टर आणि व्हॅक्यूम बजेटमध्ये आधीच धरा. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक मानला गेला आहे, शिवाय भुसा रेलखाली साचला की रेल सरकते. करवत आणि व्हॅक्यूम मिळून सहज दोन हजार वॅटवर जातात, तेव्हा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. एक्सटेन्शनची वायर १.५ चौरस मिमी, २५ मीटरच्या पुढे २.५. विदेशातून मागवत असाल तर व्होल्टेज वाचा: अमेरिकेची १२० व्होल्टची आणि इंग्लंडच्या साइटवरची ११० व्होल्टची करवत आपल्या २३० व्होल्टवर जळते.

दुकानात पातं खाली उतरवून बेसशी गुण्या लावा, ९० चा थांबा खरा आहे का बघा. रेलवर ठेवून आडवी हलवा. खेळ असेल तर बेसवरच्या दोन नॉबनी तो जायला हवा. नॉब पूर्ण आवळूनही हलत असेल तर ती करवत परत ठेवा.