एफएमचा जुना अ‍ॅनालॉग प्रोसेसर: ७५ चं ५० करताना

एफएम स्टेशनचा सेकंडहँड प्रोसेसर (ट्रान्समीटरच्या आधी आवाजाची पातळी सांभाळणारं युनिट) उघडला की पहिला हात ऑपअँपकडे (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीकडे) जातो. तो जरा आवरा. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या युनिटमध्ये प्रीएम्फसिस (प्रसारणाआधी वरच्या फ्रीक्वेन्सींना दिलेली उचल) ७५ मायक्रोसेकंदांचा असतो, आपल्याकडे ५० चा. तसाच हवेत सोडला तर १५ किलोहर्ट्झपाशी जवळपास साडेतीन डेसिबल उचल फुकटची पडते. गोव्यातल्या घुमट आरतीचं (घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीचं) रेकॉर्डिंग लावून पाहा. कासाळं (झांजेसारखं वाद्य) वाजलं रे वाजलं की लिमिटर (पातळी मर्यादेत ठेवणारा भाग) वरच्या फ्रीक्वेन्सी दाबतो आणि गाणाऱ्यांच्या शब्दांतले 'स', 'श' बोथट होतात.

मॅन्युअलमध्ये ५०/७५ चा जंपर (हाताने बदलायची छोटी पिन-जोडणी) आहे का ते आधी बघा. असेल तर सोल्डरिंग आयर्न तापवायचं कारण नाही. नसेल तर प्लग काढा, फिल्टर कपॅसिटरवरचं व्होल्टेज १ व्होल्टच्या खाली गेल्याची मीटरवर खात्री करा, मगच बोर्डाला हात लावा. सर्किटमध्ये ज्या रेझिस्टर-कपॅसिटर जोडीचा गुणाकार ७५ मायक्रोसेकंद येतो, ती शोधा. समजा ७.५ किलोओम आणि १० नॅनोफॅरड आहेत. बोर्डाच्या पाठीमागून त्या रेझिस्टरला १५ किलोओमचा १ टक्क्याचा मेटल फिल्म समांतर जोडा. झाले ५ किलोओम, म्हणजे ५० मायक्रोसेकंद. जुना भाग उपटावा लागत नाही आणि पुढे युनिट विकायचं झालं तर पाच मिनिटांत पूर्ववत होतं. डाव्या-उजव्या चॅनेलचे रेझिस्टर मीटरवर जुळवून घ्या, नाहीतर वरच्या टोकाला स्टिरिओ सेपरेशन घसरतं.

बहुतेक जण फसतात ते पुढे. तशीच जोडी मॉनिटर आउटपुटच्या डीएम्फसिसमध्ये (ती उचल परत उतरवणाऱ्या भागात), कधी लिमिटरच्या साइडचेनमध्येही (लिमिटरला पातळी कळवणाऱ्या वाटेत) असते. तीही बदलायची.

तपासताना लिमिटर बंद ठेवा आणि पातळी १०० टक्के मॉड्युलेशनच्या (ट्रान्समीटरला चालणाऱ्या कमाल पातळीच्या) २० डेसिबल खाली घ्या. १ किलोहर्ट्झला प्रीएम्फसिसनंतर १ व्होल्ट मिळत असेल तर तेवढ्याच इनपुटवर १० किलोहर्ट्झला ३.१५ व्होल्ट हवेत. ४.३६ दिसले तर अजून ७५ वरच आहात. हे माप ऑसिलोस्कोपवर घ्या. स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज १ किलोहर्ट्झच्या पुढे भरवशाची नसते आणि त्यापायी चांगलं काम उसवून परत केलं जातं.

आता दुसरा बदल: क्लिपरनंतरचा कपॅसिटर मोठा करणं. आमच्या मते याने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच नाही. क्लिपर शिखरं सपाट कापतो. पण त्याच्यानंतरचा कपलिंग कपॅसिटर (दोन टप्पे जोडणारा) लहान असला की तो सपाट माथा कलतो, एक कोपरा वर येतो आणि मॉड्युलेशन मीटर ओव्हर दाखवतो. मग आपण लेव्हल खाली घेतो आणि स्टेशन बारीक ऐकू येतं. १ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओम म्हणजे १.६ हर्ट्झचा कटऑफ. कागदावर भरपूर वाटतं, पण ५० हर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हला १० टक्के कल देतं. १० मायक्रोफॅरड घातला की कल १ टक्क्यावर येतो. घुमटाच्या घुमणाऱ्या थापेला हाच फरक कानाला कळतो. क्लिपरच्या आधीचे कपॅसिटर तसेच राहू द्या. एक्सायटरच्या (ट्रान्समीटरच्या पहिल्या टप्प्याच्या) इनपुटचा कपॅसिटर मात्र याच हिशेबात धरा. त्याने खाल्लं तर प्रोसेसरमधली मेहनत पाण्यात.

ऑपअँप शेवटी, तेही फक्त लाइन इनपुट-आउटपुटला. टीएल०७२ च्या जागी एनई५५३२ बसतो, पण त्याचा बायस करंट (इनपुट पिनमधून वाहणारा करंट) २०० नॅनोअँपिअरच्या घरात असतो. वाटेत १ मेगओम असेल तर ०.२ व्होल्ट डीसी तयार होतं. आतले दोन्ही ऑपअँप मिळून तो ८ मिलिअँपिअर खातो, टीएल०७२ सुमारे २.८. वीस आयसी बदलल्या तर रेग्युलेटर पोळतो. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांना लगटून १०० नॅनोफॅरड सिरॅमिक द्या, नाहीतर ऑसिलेशन.

क्लिपरचे डायोड, टायमिंगचे कपॅसिटर आणि १५ किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर यांना हात लावू नका. १९ किलोहर्ट्झचा पायलट (रेडिओला स्टिरिओची खूण देणारा सूर) त्या फिल्टरच्याच आडोशाला असतो. त्यातले पॉलिस्टायरीन कपॅसिटर थिनरने विरघळतात. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच पुसा.

सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक १०५ अंशांचे घाला. मेन्स १९० व्होल्टवर उतरवून ७८१५ च्या (१५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या) इनपुटचा रिपल (डीसीवरचा चढउतार) पाहा. खालचं टोक १७.५ व्होल्टच्या खाली गेलं तर १०० हर्ट्झची गुणगुण हवेत जाणार. गोव्याच्या किनाऱ्यालगत, वास्को असो की मांद्रे, खाऱ्या हवेने साधे आयसी सॉकेट हिरवे पडतात. सोन्याचा मुलामा असलेल्या गोल पिनांचे लावा. पावसाळ्यात एसी बंद करून खोली उघडली की गार बोर्डावर दव धरतं, म्हणून प्रोसेसर रात्रीही चालूच ठेवा.

शेवटचं सेटिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर): आधी पायलट ६.७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनला (कॅरियर फ्रीक्वेन्सी मूळ जागेपासून जेवढी सरकते त्याला), मग एकूण ७५ किलोहर्ट्झ. युनिट तासभर तापल्यावर दोन्ही पुन्हा मोजा.