रीसेट केलेला बफर मेमरी सोडत नाही

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली आमची रिपोर्ट सर्व्हिस महिनाभर नीट चालायची आणि महिनाअखेरीला मेमरी फुगायची. रीस्टार्ट केली की पुन्हा शांत. आधी लीकच वाटलं, म्हणजे घेतलेली मेमरी कुठेतरी सुटतच नाहीये असं. गोरूटीन (गोमध्ये एकाच वेळी चालणारी हलकी कामं) मोजून पाहिल्या, त्या ठीक होत्या. मग पीप्रॉफ या गोच्या टूलने हीप प्रोफाइल (कोणत्या फंक्शनने किती मेमरी घेतली याचा हिशेब) काढली, तर जवळपास सगळी मेमरी बफर (उत्तर तयार करताना बाइट्स साठवायची जागा) वाढवणाऱ्या फंक्शनच्या नावावर!

बफर आम्ही सिंक पूलमधून (वस्तू पुन्हा वापरण्यासाठी ठेवायचा गोचा साठा) घ्यायचो आणि काम झालं की रीसेट करून परत ठेवायचो. घोळ तिथेच होता. रीसेट फक्त लांबी शून्य करतो, कपॅसिटी, म्हणजे त्याने घेतलेली मेमरी, आहे तशीच राहते. एरवीचं उत्तर चार-पाच केबीचं. पण एखाद्या मोठ्या रिपोर्टने बफर ३० एमबीचा केला की तो तसाच पूलमध्ये जायचा आणि पुढची चिमुकली रिक्वेस्ट तोच अडवून बसायची. गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारी गोची यंत्रणा) पूल रिकामा करतो हे खरं, पण गो १.१३ पासून पूलमधली वस्तू त्याच्या पहिल्या फेरीत टिकून राहते. मधे कोणी ती वापरून परत ठेवली की तिला पुन्हा तेवढीच मुदत मिळते. सतत ट्रॅफिक असेल तर असे बफर सुटायला फार वेळ लागतो.

आता परत ठेवण्याआधी कपॅसिटी तपासतो. ६४ केबीच्या वर असेल तर बफर सोडून देतो. आकडा मनाचा नाही, गोचं मजकूर फॉरमॅट करणारं एफएमटी पॅकेजही याच मर्यादेवर आपला बफर टाकून देतं. मोठे रिपोर्ट थेट रिस्पॉन्समध्ये लिहितो.

हे करताना एक जुना बगही सापडला: एका ठिकाणी बफरमधले बाइट्स कॉपी न करताच कॅशमध्ये ठेवले होते, म्हणजे तो बफर पुन्हा वापरला की कॅशमधला डेटाही बदलू शकत होता.