बाप-लेकाच्या दोन जुन्या गाड्या: सौद्याआधीची तयारी

मातीच्या वाटांवर फिरायला बाप-लेकासाठी दोन जुन्या मोटारसायकली घ्यायच्या असतील, तर गाडी बघायला निघण्याआधी पोराची जन्मतारीख बघा. दीडशे-दोनशे सीसीच्या गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण लागतं. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनागिअर गाडीचं लायसन्स. सतरा वर्षांचं पोर रस्त्यावर पकडलं गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. इंदूरजवळच्या सिमरोल घाटात पोलिसांनी अडवलं तर ‘बाबा मागेच आहेत’ हे उत्तर चालत नाही. अठरा पूर्ण होताच लर्निंग काढा. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते, आणि दोन धड गाड्या शोधायला तेवढे दिवस सहज जातात.

निवड करताना आधी पोराची गाडी ठरवा, आपली नंतर. बहुतेक घरांत उलटं होतं: वडील मनातली गाडी घेतात आणि उरलेल्या पैशांत पोराला काहीतरी बघतात. नवशिक्याला गाडी जड झाली की तो ती मातीत नेणंच टाळतो. इथे सीटची उंची फसवते. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ ची सीट ८०० मिलिमीटर, हीरोच्या एक्सपल्स २०० ची ८२३. कागदावर हिमालयन सोपी वाटते, पण ती १९० किलोच्या पुढे आणि एक्सपल्स साधारण १५५. पाय टेकला तरी तिंछ्या धबधब्याच्या वाटेवर कलंडलेली गाडी उचलायची कोणी? म्हणून पोराला सीटवर बसवून, इंजिन बंद ठेवून, नुसत्या पायांनी गाडी थोड्या चढावर मागे ढकलायला लावा. जमलं तर गाडी त्याची. ‘अजून उंची वाढेल’ या हिशेबाने शाळेचा गणवेश घेतात, गाडी नाही.

बजेट फारच आखडतं असेल तर हीरोची जुनी इम्पल्स आहे. २०११ साली आली, १५० सीसी, १३४ किलो, शिकायला फार गुणी. अडचण दोन ठिकाणी. इंजिनाचं सामान मिळून जातं, पण टाकीच्या बाजूचं प्लास्टिक, मडगार्ड, हेडलाइटचा मुखवटा यांसाठी वणवण होते. आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांतल्या गाड्यांची आरसी (नोंदणीचा कागद) पंधरा वर्षांच्या काठावर आलेली असते. पुन्हा पासिंगचा खर्च आणि हेलपाटे धरूनच भाव लावा.

दोघांसाठी एकाच जातीच्या दोन गाड्या घेतल्या तर निम्मी डोकेदुखी कमी होते. ट्यूब, क्लच लिव्हर, केबल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड सगळं एका पिशवीत बसतं. पोराला एक्सपल्स आणि वडिलांना हिमालयनच हवी असेल तर निदान एवढं कळू द्या की पुढची ट्यूब दोन्हींना चालते, कारण दोन्हींचा पुढचा टायर ९०/९०-२१ आहे; मागे मात्र एक्सपल्सला १८ इंच आणि हिमालयनला १७. माळव्यातल्या लोकांनी आणखी एक बघायचं, पुढचं मडगार्ड. काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली आणि दगडासारखी असते, पण पावसाच्या पहिल्या दोन सरींनंतर ती टायरवर थर देत जाते आणि टायरला लगटलेल्या मडगार्डात ठासून बसते. शेवटी चाक फिरायचं थांबतं. एक्सपल्सचं मडगार्ड उंच आहे, तिथे ही कटकट कमी. हिमालयनला चोचीखाली टायरलगतचं वेगळं मडगार्ड आहे. चिखलात काडी किंवा स्क्रू ड्रायव्हर हाताशी ठेवावा लागतो.

जाहिरात वाचताना नावाचं शेपूट नीट वाचा. ‘एक्सपल्स’ म्हणून दाखवलेली गाडी २००टी निघाली तर ती १७ इंची अलॉय चाकांची, डांबरी रस्त्याची गाडी. हिमालयनचीच बहीण असलेल्या स्क्रॅम ४११ चं पुढचं चाक १९ इंची. रॅली किट (उंच सस्पेन्शनचा जोडसंच) लावलेली एक्सपल्स फोटोत झकास दिसते, पण तिची सीट नवशिक्याच्या आवाक्याबाहेर जाते. बीएस-४ (जुन्या प्रदूषण नियमांच्या काळातली) एक्सपल्स कार्ब्युरेटर आणि एफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) अशा दोन्ही प्रकारांत आली होती. कार्ब्युरेटर मानपूर-महूकडचा कोणताही मेकॅनिक साफ करून देतो, एफआयला मात्र बॅटरी ठणठणीत लागते.

ठरवलेल्या रकमेपैकी पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि विसरून जा. तो टायर, चेनसेट आणि हेल्मेटचा आहे. दोन आयएसआय हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याचे गार्ड आणि हातमोजे हे गाडीच्या किमतीतच धरायचं.

बघायला जाताना टॉर्च, पांढरं सुती फडकं, टायरच्या हवेचा गेज, एक लांब स्क्रू ड्रायव्हर, पेन्सिल आणि पातळ कागद घ्या. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा: गाडी धुऊ नका आणि आम्ही येईपर्यंत चालू करू नका. डिझेल मारून चकचकीत केलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही, आणि गरम इंजिन सगळे दोष गिळतं. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर चहा पिऊन गार होऊ द्या. ‘भिया, एक नंबर गाड़ी है’ हे ऐकत बसायला इंदुरात वेळेची कमतरता नसते.

सगळ्यात जास्त बोलतो तो एअर फिल्टरचा डबा. विकणाऱ्याच्या परवानगीने उघडा, फिल्टर काढा आणि इंजिनाच्या बाजूच्या तोंडात फडक्याने एक बोट फिरवा. फडकं कोरडं आणि जवळजवळ पांढरं निघालं तर उत्तम. बारीक तांबूस-करडी भुकटी आली, तर धूळ फिल्टर ओलांडून आत गेली आहे. ती बोअर आणि पिस्टनच्या रिंगा घासते. अशी गाडी वर्षभरात इंजिनकाम मागू शकते, मीटरवर आकडा कितीही कमी असो. डब्याच्या तळाशी वाळलेल्या गाळाची रेघ दिसली तर ओढा-नाल्यात गाडी बुडालेली असू शकते. तेव्हा ऑइलही बघा. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर त्यात पाणी आहे.

मग थंड इंजिन चालू करा आणि कोणाला तरी मागे उभं करा. गारठ्यात पांढुरकी वाफ निघते, ती विरून जाते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर भपकारा आला तर बहुधा व्हॉल्व्हचं सील, थ्रॉटल धरल्यावर सतत आला तर रिंगा. पहिलं परवडतं, दुसऱ्यात भाव पाडावा किंवा निघावं.

गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. अगदी सरळ आल्यावर खट्ट करून अडकल्यासारखं वाटलं तर बॉल रेसरला (हँडलच्या बेअरिंगला) खड्डे पडलेत. दगडावरून आदळताना चाक सरळ असतं, म्हणून खड्डेही तिथेच पडतात. पुढचे शॉकअप पाच-सहा वेळा दाबून नळीवर बोट फिरवा. ऑइलचं कडं आलं तर सील गेलं. नळीवरच दगडाचा टोचा असेल तर नवीन सीलही महिनाभरात फाटतं. मागचं चाक वरून धरून हलवा: खडखड आली तर स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेत. चाक फिरवून स्क्रू ड्रायव्हरने एकेक आरा टिचकवा. बाकीचे टणटणत असताना एखादा बद्द वाजला तर तो ढिला. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) पाठीमागून ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे, नुसती चेन नाही. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायरचे गोटे (नक्षीचे उंचवटे) शिल्लक असले तरी इतका जुना टायर ओल्या घाटात धरत नाही.

खाली वाकून बॅश प्लेटच्या (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आत टॉर्च मारा. क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) एम-सील किंवा वेल्डिंगचे फुगे दिसले तर सौदा तिथेच संपवा. वाकलेला लिव्हर आणि घासलेला सायलेन्सर याचं वाईट वाटून घेऊ नका, मातीतली गाडी पडतेच. पण हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं तो चेसिसवरचा स्टॉपर चेपलेला असेल तर पडणं साधं नव्हतं.

चाचणीला इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता बरा. तिसऱ्या गिअरात हळू जाऊन एकदम थ्रॉटल द्या. आवाज चढला आणि वेग तेवढा चढला नाही तर क्लच प्लेटा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय) असलेल्या गाडीत त्याचा दिवा चावी फिरवताच लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. अजिबात लागत नसेल तर कोणीतरी तो झाकलाय.

पैसे देण्याआधी चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा आरसीशी जुळवा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात येईपर्यंत इसार सोडून काही देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही तुमच्या समोर घ्या. इंदूरच्याच एमपी-०९ नंबरची गाडी असेल तर काम नायता मुंडल्याच्या आरटीओत उरकतं. पुण्या-नागपुराहून एमएचची गाडी स्वस्त दिसली तर गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी लागणारी फॉर्म २८ ची एनओसी, मध्य प्रदेशचा कर आणि नवा नंबर धरून बेरीज करा. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच विरते. थकलेले ई-चलान आधी भरून घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही हे धरून चला.

गाडी घरी आली की लगेच जानापावच्या डोंगरावर पळवू नका. आधी इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, क्लचची केबल हे मागचा मालक काहीही म्हणो, दोन्ही गाड्यांत एकदम बदला. पाना पोराच्या हातात द्या. चाक काढून ट्यूब बदलायचं काम त्याने वाड्याच्या किंवा पार्किंगच्या सावलीत दोनदा केलं पाहिजे, कारण आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते आणि चोरलच्या पुढे जंगलात पंक्चरवाला नसतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आरे, हँडलचे बोल्ट, फूटरेस्ट आणि सायलेन्सरचे नट पुन्हा आवळा.