चमकतंय ते सगळं तुमचेच कण नसतात: या चुका टाळा

कार्बन डॉट्स, म्हणजे यूव्हीखाली चमकणारे कार्बनचे नॅनोकण, करायला सोपे, हीच अडचण आहे. सायट्रिक अ‍ॅसिड आणि एथिलीनडायअमाइन पाण्यात विरघळवा, ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) 200 अंशांवर पाच तास ठेवा, यूव्ही टॉर्च मारा: निळाशार उजेड. नवखा तिथेच हरखतो आणि संध्याकाळी तेच द्रावण हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोग पेशींवर) ओततो.

डायलिसिसला, म्हणजे बारीक भोकांच्या पिशवीतून छोटे रेणू बाहेरच्या पाण्यात जाऊ देण्याला, फाटा देऊ नका. या अभिक्रियेत कणांबरोबर आयपीसीए हा छोटा रेणूही तयार होतो आणि तो स्वतःच झगझगीत चमकतो. आमच्याकडे एकाने तीन महिने सुंदर फोटो काढले होते. मी म्हटलं, बाबा रे, एक रात्र पिशवीत भरून ठेव. सकाळी दिवे मालवून टॉर्च मारली, तर बीकरमधलं बाहेरचं पाणी निळंभोर आणि पिशवीत जेमतेम उजेड. "मॅडम, पिशवी फाटली असेल." दुसरी बांधली. तेच! मी 1 किलोडाल्टनची (साधारण त्याहून हलके रेणूच बाहेर सोडणारी) पिशवी घेते, दोन दिवस पाणी बदलत राहते, बाहेरचं पाणी टॉर्चखाली काळं दिसेपर्यंत. आणि सिरिंज फिल्टरने काम भागवू नका, 0.22 मायक्रॉनच्या भोकातून रेणू आणि कण दोघेही आरामात निघून जातात.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे कण न दिलेल्या पेशींचा फोटोच नसणं. मायक्रोस्कोपच्या डापी फिल्टरखाली (निळी चमक दाखवणाऱ्या) पेशीतल्याच एनएडीएच या रेणूमुळे पेशी मुळातच निळसर दिसतात. त्यात कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर असेल, तर अंधारा फोटो तो आपणहून उजळून देतो. मी आधी बिनकणांची प्लेट लावते, एक्स्पोजर हाताने ठरवते, मग ते बटण कोणाला शिवू देत नाही.

फॉलिक अ‍ॅसिड जोडलेले कण साध्या आरपीएमआय-1640 मध्ये (पेशी वाढवायच्या मीडियात) टाकून "टार्गेटिंग होत नाही" (कण ठरावीक पेशींना चिकटत नाहीत) म्हणून रडू नका. त्या मीडियात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आधीच असतं. पेशीवरच्या फोलेट रिसेप्टरवर (फोलेट पकडणाऱ्या प्रथिनावर) कणांआधी तेच जाऊन बसतं. फोलेट नसलेला मीडिया मागवा.

फीनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) असलेल्या मीडियात फोटो काढू नका.

कण पेशीत शिरले म्हणता? मग 4 अंशांवरची प्लेट दाखवा; थंडीत एन्डोसायटोसिस (पेशीने बाहेरच्या गोष्टी आत ओढून घेणं) जवळपास थांबतं. तिथेही तितकंच चमकलं, तर कण बहुधा बाहेरच चिकटलेत.

आणि पेशी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) तीनदा धुवा. "दोनदा धुतलं, पुरे" म्हणणाऱ्याला मी चौथ्यांदा धुवायला लावते.