फरशीच्या खालचं काम: अमळनेरच्या घरात शिकलेलं

आमच्या हॉलच्या दाराजवळची फरशी दिवाळीच्या सफाईत पहिल्यांदा बोलली. पाण्याची भरलेली बादली टेकवली आणि खालून बद्द असा आवाज आला. मग रुपयाचं नाणं घेऊन हॉलभर ठोकत फिरलो. जवळजवळ दर तिसरी फरशी पोकळ. काम मे महिन्यातलं, म्हणजे जेमतेम सहा महिने झालेले. तेव्हापासून नात्यात कोणी घर बांधायला काढलं, की फरशीच्या दिवशी मी आपण होऊन तिथे जाऊन उभा राहतो. जे घर बांधताना आम्हाला कोणी सांगितलं नाही, ते इथे लिहितोय.

आधी आमचं काय चुकलं ते. दाराजवळची फरशी उचलली तेव्हा तिची पाठ पेटीतून नुकतीच काढल्यासारखी कोरी होती. सिमेंटचा कणही चिकटलेला नव्हता. खाली सिमेंटची पापडी, बोटाने दाबली की भुगा. मे महिन्यातलं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा 44-45 च्या घरात. मिस्त्री जेवण करून दुपारी बसायचा, कोरड्या वाळू-सिमेंटच्या मालावर एकदम चार फरशांपुरती सिमेंटची रबडी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, ओतायचा आणि मग एकेक फरशी ठेवायचा. चौथ्या फरशीची पाळी येईपर्यंत रबडीतलं पाणी खालच्या मालाने आणि वरच्या उन्हाने शोषून घेतलेलं असायचं. फरशी टेकली, पण धरली नाही. मी समोरच खुर्ची टाकून बसलो होतो, लेव्हल किती छान येतेय एवढंच बघत.

म्हणून खानदेशात फरशीचं काम शक्यतो दिवाळी ते होळीच्या मधे काढा. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर सकाळी लवकर सुरू करून अकराला थांबा, खिडक्यांना ओलं गोणपाट लावा, आणि रबडी एका वेळी एकाच फरशीची. बसवून झाल्यावर पहिल्या दिवशी त्या खोलीत कोणालाही जाऊ देऊ नका, पुढे काही दिवस ओल राखा.

आता मिस्त्री कसा निवडायचा. सगळे मोबाइलमधले फोटो दाखवतात. नव्या कोऱ्या हॉलचा फोटो काहीच सांगत नाही. त्याने केलेलं, दोन पावसाळे पाहिलेलं काम बघायला मागा, आणि तिथे गेल्यावर हॉल सोडून थेट बाथरूममध्ये जा. जाळीभोवतीचे काप बघा, कोपऱ्यातल्या फटी बघा, कोपऱ्यात पाणी साचल्याचा पांढरा डाग आहे का बघा. घरातल्या बाईला विचारा, धुणं झाल्यावर पाणी झाडूने लोटावं लागतं का? त्या एका उत्तरात मिस्त्री कळतो.

दुसरं, "तुम्ही स्वतः बसणार की माणसं पाठवणार?" हे तोंडावर विचारा. बोलणी करणारा एक आणि बसणारा वेगळा, हे फार होतं. दुसऱ्या वेळी आम्हाला जे आप्पा मिळाले, त्यांनी दराआधी बाथरूममध्ये उभं राहून विचारलं, "पानी कथा जाई, ते पहिले सांगा." म्हणजे पाणी कुठे जाणार ते आधी सांगा. मी तिथेच ठरवलं की काम यांनाच द्यायचं.

दर कागदावर घ्या. जमिनीचा स्क्वेअर फुटावर, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आणि जिन्याच्या कडांचा रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर, डॅडोचा (भिंतीवरच्या फरशीचा) वेगळा. कटिंग, फरशांच्या सांध्यांत ग्राउट भरणं, मलबा उचलणं यात धरलंय का, तेही लिहा. उचल थोडी द्या, पुढचे पैसे खोली पूर्ण होईल तसे, आणि शेवटचा हप्ता नाण्याने ठोकून बघितल्यावरच. हा अविश्वास नाही. आप्पा स्वतःच नाणं मागून ठोकून दाखवायचे.

फरशी घेताना आमची फसगत पेटीच्या हिशेबात झाली. दोन बाय दोन फुटांच्या पेटीत चार फरशा, म्हणून दुकानात 16 स्क्वेअर फूट धरतात. पण ती फरशी 600 मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फुटांची नसते. पेटीवर 1.44 चौरस मीटर छापलेलं असतं, म्हणजे साडेपंधरा स्क्वेअर फूट. आमचा हॉल 18 बाय 12, म्हणजे 216. त्यावर दहा टक्के तुटफूट धरली तर साधारण 238. सोळाने भागलं तर 15 पेट्या, साडेपंधराने भागलं तर 16. आम्ही 15 आणल्या. सोळावी मागवली ती दुसऱ्या बॅचची आली, आणि रंगात किंचित फरक पडला. आमच्याकडे बराचसा माल मोरबीहून सुरत-नवापूर-धुळे मार्गे येतो, तीच बॅच पुन्हा मिळेल याची खात्री कोणी देत नाही. सगळ्या पेट्यांचा बॅच नंबर आणि शेड गाडीतून उतरवतानाच जुळवा. पाच-सहा फरशा माळ्यावर कायमच्या ठेवा.

भिंतीचं एक लक्षात असू द्या. साधी सिरॅमिक फरशी पाणी पिते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर लावतात. व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त भाजलेली घट्ट फरशी, जवळपास पाणी पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. तिला नुसतं सिमेंट धरत नाही, टाइल अ‍ॅडेसिव्हच लागतं. तेही पाठीवर चार कोपऱ्यांत गोळे ठेवून नाही, दातेरी थापीने सगळीकडे पसरून. मधेच एखादी ताजी फरशी उचलायला लावा आणि पाठ बघा.

तळमजला असेल तर फरशीच्या आधी जोत्यातली भर बघा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पारोळ्याच्या मेहुण्यांनी पायाची निघालेलीच माती आत लोटली होती. दोन वर्षांत भिंतीकडेने फरशी बोटभर खचली आणि स्कर्टिंग हवेत राहिलं. त्यात मिस्त्रीचा काही दोष नव्हता. भर मुरमाची हवी, थराथराने पाणी मारून धुमसलेली, आणि त्यावर कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर.

आणि बाथरूम. तिथे फरशी लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून, जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला, बाहेरच्या भिंतीला हात लावून बघा. उतार चार फुटांत अर्धा ते पाऊण इंच असावा. आप्पा ग्राउट भरायच्या आधी दाराच्या उंबऱ्यापाशी तांब्याभर पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून ते जाळीपर्यंत जाताना बघायचे. एका कोपऱ्यात पाणी रेंगाळलं, तर त्यांनी कोणी काही म्हणायच्या आत तिथल्या तीन फरशा काढल्या. माल ओला होता म्हणून ते जमलं. दुसऱ्या दिवशी जमलं नसतं.