देव हाय तं असं काहून? गावात ही चर्चा लावायची तर

गारपिटीनं हरभरा झोपला किंवा कुणाच्या घरचा कर्ता माणूस वीज पडून गेला, की पारावर हा प्रश्न निघतोच. पण दोन मिनिटांत विरतो. एक जण ‘त्याची मर्जी’ म्हणतो, दुसरा ‘देव-बिव काही नाही’ म्हणतो, तिसरा खर्रा घोटत उठून जातो. नीट बोलायचं असेल तर थोडी तयारी लागते.

आधी वेळ. ज्या घरी मरण झालं, त्या घरची तेरवी होईपर्यंत हा विषय काढू नका. त्या दिवसांत ‘देवानं असं का केलं’ म्हणणाऱ्याला उत्तर नको असतं, सोबत हवी असते. कापसाच्या पट्ट्यात सीतादहीच्या, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या, आधीचा आठवडा बरा. वेचणी लागली की बाया येत नाहीत आणि बैठक पुरुषांचीच होते. रात्री जेवणानंतर दीड तास पुरे. माणसं बारा-पंधरा. पंचवीस झाली की भाषणं सुरू होतात.

जागा देवळाचा सभामंडप नको, विहारही नको. एका ठिकाणी बौद्ध घरं येणार नाहीत, दुसऱ्या ठिकाणी बाकीचे अवघडतील. शाळेची खोली घ्या, तिथे फळाही मिळतो.

फळ्यावर तीन वाक्यं लिहा: देव सर्वशक्तिमान आहे. देव दयाळू आहे. दुःख खरं आहे. हा पेच फार जुना, ग्रीक विचारवंत एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो. १९५५ साली तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी तो तर्काच्या भाषेत कडक करून मांडला: तिन्ही वाक्यं एकदम खरी धरता येत नाहीत. आता जो कुणी उत्तर देईल त्याला एवढंच विचारा, ‘यातलं कोणतं वाक्य तुम्ही वाकवलं?’ आणि ते उत्तर त्या वाक्यासमोर लिहा. चालवणाऱ्यानं स्वतः उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारत राहायचं. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न करून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. ती रीत इथे कामाची.

पहिला अर्धा तास फळ्याच्या उरलेल्या भागात दोन रकाने भरा: माणसानं केलेलं आणि निसर्गानं केलेलं. घाई करू नका, खरी चर्चा इथेच होते. बोगस बियाणं, सावकारी, दारूतली मारहाण पहिल्यात. गारपीट, वीज दुसऱ्यात. मग अडतं ते गुलाबी बोंडअळीपाशी. अळी निसर्गाची खरी. पण बीटी पऱ्हाटीच्या (बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कापसाच्या) कडेनं बिगर-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत, फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं राखली, म्हणून अळीला बीटी पचू लागलं, हे कुणाचं? साप निसर्गाचा, पण आरोग्य केंद्रात लस नसणं कुणाचं? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. तो रकाना कोणता? निम्म्या गोष्टी सरकून पहिल्या रकान्यात जातात. ‘देवानं माणसाला मोकळीक दिली, तिचा हा परिणाम’ हे उत्तर त्याच रकान्यापुरतं चालतं. दुसऱ्यात जे उरेल त्याला ते पुरत नाही, हे स्पष्ट म्हणा.

मग कर्माचं उत्तर येईल, आणि गाडी बहुतेक इथेच घसरते. ते आधी त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडा. वेदान्ताचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्र, त्यातल्या २.१.३४ या सूत्रावर शंकराचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा: पाऊस सगळ्यांना समान, भात उगवतो की जव हे बियाण्यावर. यावर कुणी शेतकरी म्हणेलच की पाऊसही सारखा पडत नाही, एका महसूल मंडळात ढगफुटी आणि शेजारी कोरडं. म्हणू द्या, आक्षेप चांगला आहे. ‘मग पहिलं कर्म कुठून आलं?’ या शंकेला पुढचंच सूत्र उत्तर देतं: संसार अनादी आहे. ते पटतं का, विचारा. नियम मात्र एकच: कर्माचा हिशेब नाव घेऊन कुणावर लावायचा नाही. ‘तुझ्या मागच्या जन्माचं’ हे वाक्य जातीच्या नावानं फार लोकांनी ऐकलं आहे. ते उच्चारलं गेलं की अर्धी खोली गप्प होते.

‘देव परीक्षा पाहतो’ हे उत्तर तान्ह्या लेकरापुढे टिकत नाही. तिथेच तत्त्वज्ञ विल्यम रो यांचं १९७९ चं उदाहरण सांगा: वणव्यात होरपळलेलं हरणाचं पिल्लू दिवसेंदिवस तडफडून मरतं, पाहायला कुणी नाही. परीक्षा कुणाची? वणवा पाहिलेल्या मेळघाट-गडचिरोलीकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

महानुभाव पंथाचं घर असेल तर त्यांना बोलतं करा. त्यांच्या मते देवता वेगळ्या, परमेश्वर वेगळा; कर्माची फळं देवतांकडून मिळतात, मोक्ष परमेश्वराकडून. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारलेल्यांसाठी जग घडवणारा देव नाहीच, म्हणून पहिली दोन वाक्यं त्यांच्या फळ्यावर नसतात. त्यांचा प्रश्न दुःखाचं कारण आणि निवारण असा सरळ पुढे जातो. त्यांना ‘तुम्ही नास्तिक’ म्हणून बाजूला बसवू नका.

दोन गोष्टींवर बैठक जागीच थांबवा. कुणी ‘हे अमकीनं केलेल्या करणीमुळे’ म्हणालं तर लगेच. त्यातून एखाद्या बाईवर गाव उठतं, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हेही तिथेच सांगा. दुसरं, कुणी रडू लागलं किंवा ‘आता जगून काय करू’ म्हणालं तर फळा सोडा. ओळखीच्या एकानं त्याला बाहेर नेऊन बसावं, एकटं घरी पाठवू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक खोलीत आधीच लिहून लावलेला असावा.

शेवटी हात वर करून मत घेऊ नका. आस्तिक-नास्तिक असे गट पडले की पुढच्या बैठकीला कुणी येत नाही. फळ्याचा फोटो काढा आणि दुसऱ्या रकान्यात उरलेली नावं पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा. पहिल्या रकान्यातली एक गोष्ट, मग ती सापाची लस असो की बियाण्याची पावती, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत टाकायला कुणाला तरी सांगा.