फ्लूची साथ आणि ॲम्ब्युलन्स: या चुका टाळा

स्वाइन फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या, की ॲम्ब्युलन्सवर नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांचे ठरलेले फोन येतात. सर, पीपीई किट कुठलं घेऊ? एन-९५ कुठल्या कंपनीचा चांगला? टॅमीफ्लू (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) स्वतःसाठी आधीच सुरू करू का? गाडीतल्या सिलिंडरमध्ये आत्ता किती ऑक्सिजन आहे, असा प्रश्न मला आजवर कुणी आपण होऊन विचारलेला नाही. फ्लूचा पेशंट आपल्या ताब्यात असतो तास-दोन तास. तेवढ्या वेळात विषाणूचं आपण काही वाकडं करू शकत नाही. त्याचा श्वास टिकवायचा आणि त्याला योग्य दारात पोचवायचं, एवढंच आपल्या हातात असतं, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

‘अर्धा आहे, जाईल पुण्यापर्यंत’

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अर्धा म्हणजे किती? काटा मधोमध दिसला म्हणजे झालं का?

२०१५ च्या साथीतली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून एक खासगी गाडी पुण्याला निघाली. पेशंट सात महिन्यांची गरोदर, चार दिवसांचा ताप, साध्या हवेवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८४. गाडीवरचा डॉक्टर नवा, पण हुशार. बाईला डाव्या कुशीवर घेतलं, पिशवीवाला मास्क लावला, फ्लो मिनिटाला १५ लिटरवर. इथपर्यंत सगळं बरोबर. बी टाइपच्या, म्हणजे लहान सिलिंडरचा दाबाचा काटा ७० बारवर होता; भरलेला असला की तो दीडशेवर असतो. ‘अर्धा आहे’ म्हणून गाडी सुटली.

आता हिशेब करा. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता १० लिटर. काट्यावरचा आकडा गुणिले १०, म्हणजे ७०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १५ लिटर जाणार, म्हणजे पाऊण तास, तोही सिलिंडर शून्यापर्यंत पिळला तर. पुणे दोन तासांवर. तिसरीतल्या पोराला जमेल असा हा गुणाकार-भागाकार निघण्याआधी कुणीही केला नव्हता.

खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे ट्रक आडवा झालेला, वाहनांची रांग. तिथे काटा लाल पट्ट्यात आला. घाबरून डॉक्टरने फ्लो १५ वरून ५ वर आणला, मास्क मात्र तोच ठेवला. मास्कची पिशवी चपटी झाली आणि बाई आणखी घुसमटायला लागली. गाडीत दुसरा सिलिंडर होता, गच्च भरलेला. पण तो उघडायची चावी नव्हती. आदल्या पाळीतल्या कुणीतरी ती दुसऱ्या गाडीत नेली होती. पायलटने, म्हणजे गाडीच्या चालकाने, पकडीने झडपेचा स्पिंडल फिरवायचा प्रयत्न केला, तर त्याच्या कडा झिजायला लागल्या.

त्याच सुमारास माझा फोन वाजला. आमची गाडी पुण्याकडून रिकामी येत होती. “आहे तिथेच थांबू नकोस, वाट मिळाली की शिरवळपर्यंत ये, आम्ही तिथे उभे आहोत,” एवढं सांगितलं. ते आले तेव्हा काटा शून्यावर होता, डॉक्टर नुसत्या हवेवर अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत होता आणि बाईची नणंद तिचे पाय चोळत बसली होती, जणू त्यानेच काही होणार होतं. आमची चावी लावून त्यांचाच सिलिंडर उघडायला दहा सेकंदसुद्धा लागली नाहीत.

बाई वाचली, मूलही वाचलं. म्हणूनच ही गोष्ट आता जेवणाच्या सुट्टीत हसत सांगितली जाते, आणि मला तेच खटकतं.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. पाळी सुरू झाली की चहाच्या आधी सिलिंडर. काट्यावरचा आकडा बघायचा, त्यातून २० वजा करायचे (ते आपले नाहीतच असं समजायचं), उरलेल्याला बी टाइपसाठी १० ने आणि जम्बोसाठी (मोठा सिलिंडर, पाण्याची क्षमता ४६ लिटर) ४६ ने गुणायचं, फ्लोने भागायचं. आलेली मिनिटं प्रवासाच्या अंदाजाच्या दुप्पट नसतील, तर गाडी हलवायची नाही. भरलेला जम्बो सुमारे ७,००० लिटरचा असतो, बी टाइप १,५०० चा. हे दोन आकडे पाठच हवेत. चावी नायलॉनच्या दोरीने सिलिंडरच्या स्टँडला बांधून टाकायची, खिशात ठेवायची नाही. आणि रिकाम्या सिलिंडरच्या गळ्यात ‘रिकामा’ अशी पाटी. दोन सिलिंडर शेजारी उभे असतील आणि कुठला भरलेला ते वाजवून बघावं लागत असेल, तर ती पाळी सुरूच होऊ नये.

मोबाइलवर हिशेबाची ॲप आली आहेत. वापरा. पण खंबाटकीत रेंज जाते.

मास्क एक, फ्लो दुसराच

वरच्या गोष्टीतली दुसरी चूक रोज घडते, म्हणून वेगळी लिहितो. पिशवीवाल्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात, आणि लावण्याआधी पिशवी फुगलेली हवी. साध्या मास्कला निदान ५-६. त्याखाली गेलात, तर पेशंट आपलाच सोडलेला श्वास परत घेतो. ऑक्सिजन वाचवायचाच असेल तर मास्क काढून नाकातल्या नळ्या लावा, ३-४ लिटरवर आणा, आणि त्यावरून पेशंटला सर्जिकल मास्क घाला. सॅच्युरेशन ९२ ते ९६ पुरे. शंभर दिसण्यासाठी धडपडू नका, कारण तो वरचा आकडा तुमच्या सिलिंडरमधून जातो. बिडी ओढून फुप्फुसं गेलेला, सीओपीडीचा जुना म्हातारा पेशंट असेल, तर ८८ ते ९२ वर थांबा.

ऑक्सिमीटरवर नेलपॉलिश, मेंदी, गार पडलेली बोटं यांचा परिणाम होतो. आकडा वाचण्याआधी पडद्यावरची नाडीची लाट स्थिर झाली का ते बघा. बघत कुणी नाही.

सगळ्यांना मोठ्या दवाखान्यात नेणं

भारतात स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्ट २००९ रोजी. १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतरचे दिवस ज्यांनी पुण्यात काढले, त्यांना नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आठवत असतील. तोंडाला रुमाल बांधलेली धडधाकट माणसं, खोकणारी माणसं, कडेवर पोरं, सगळी एकाच रांगेत. ज्याला नुसतं पडसं होतं तोही तासन्‌तास त्या गर्दीत उभा. लागण नसलेल्याला लागण व्हायची असेल, तर याहून चांगली सोय नाही.

त्यानंतर केंद्र सरकारने अ, ब, क अशी वर्गवारी दिली. सोपी आहे. साधा ताप-खोकला असेल तर ‘अ’: घरी राहा, तपासणी नको, टॅमीफ्लू नको, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. ताप जास्त, घसा फार दुखतोय, किंवा पेशंट गरोदर, लहान मूल, वयस्कर, मधुमेही, हृदयाचा-फुप्फुसाचा आजारी असेल तर ‘ब’: घरीच वेगळं ठेवा, डॉक्टर गरजेनुसार टॅमीफ्लू देतील. दम लागतोय, छातीत दुखतंय, गुंगी आहे, रक्तदाब उतरलाय, थुंकीत रक्त, नखं निळी, किंवा मूल पीत-खात नाही आणि सारखं किरकिरतंय, तर ‘क’: तपासणी आणि भरती, लगेच. ॲम्ब्युलन्स ‘क’साठी असते. फोनवर ताप म्हणाला की गाडी सोडायची, हा नेभळटपणा आहे. बोलताना वाक्य पूर्ण होतंय की मध्ये दम घ्यावा लागतोय, हे फोनवरही कळतं. फक्त नातेवाइकाला म्हणायचं, “फोन पेशंटकडे द्या.”

आणखी एक. तीन-चार दिवसांत बरा होत आलेला पेशंट पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा तापाने फणफणला आणि दम लागायला लागला, तर त्याला ‘फ्लूच आहे, उतरेल’ म्हणून घरी ठेवू नका. वरून जिवाणूचा न्यूमोनिया झालेला असू शकतो. असे पेशंट मला सगळ्यात जास्त छळतात, कारण घरच्यांची भीती तोवर मेलेली असते.

फोन न करता गेटवर उभं राहणं

आधी फोन, मग सायरन. समोरच्या दवाखान्याला चार गोष्टी सांगायच्या: वय, सॅच्युरेशन किती लिटरवर किती, गरोदर आहे का, व्हेंटिलेटर लागेल का. ज्याने ‘हो, या’ म्हटलं त्याचं नाव आणि वेळ कागदावर. साथीत वॉचमनसुद्धा घाबरलेला असतो, तो गेट उघडत नाही. “अमुक डॉक्टरांशी पाच वाजून दहा मिनिटांनी बोलणं झालंय” असं म्हटलं की उघडतो. नवे डॉक्टर मात्र आधी गाडी पळवतात आणि दारात जाऊन भांडतात. तोवर आत सिलिंडरचा काटा खाली येत असतो. भांडण जिंकून काय मिळवलं?

टॅमीफ्लूची पहिली मात्रा कधी दिली, ती वेळही त्याच कागदावर लिहा. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिली तर उपयोग सगळ्यात जास्त, पण ‘क’च्या पेशंटला उशीर झाला तरी देतात. वेळ माहीत नसल्यामुळे दोनदा दिलेली, आणि एकदाही न दिलेली, दोन्ही प्रकार पाहिलेत.

बाकीच्या, थोडक्यात

पेशंटला मास्क घालायचा, नुसता स्वतःला नाही. दाढीवर एन-९५ बसत नाही, कितीही महागाचा घ्या.

प्रत्येक फोनला अंतराळवीर होऊ नका. नेहमीच्या पेशंटला मास्क, हातमोजे, चष्मा, एप्रन पुरतं. एन-९५ हवाच तो सक्शन (घशातला स्राव ओढणं), अंबू बॅग, इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी टाकणं) असेल तेव्हा. उन्हाळ्यात पूर्ण किटमध्ये चक्कर येऊन पडलेला डॉक्टर हा दुसरा पेशंट असतो. किट घालून फोटो काढण्याबद्दल मी काही बोलत नाही.

किट काढताना हातमोजे आधी, मास्क शेवटी, आणि मध्ये-मध्ये हात स्वच्छ. लागण घालताना होत नाही, काढताना होते. घाई इथेच नडते, पाळी संपलेली असते आणि घरी जायचं असतं.

चालत्या गाडीत नेब्युलायझर लावू नका. पंप (इन्हेलर) आणि स्पेसरने तेच औषध जातं, आणि गाडीभर तुषार उडत नाहीत. चालत्या गाडीत नळी टाकायचा हट्टही नको. नळी लागणार असं वाटलं तर निघण्याआधी टाका, किंवा गाडी बाजूला घ्या.

एसीची आतली हवा आतच फिरवणारी कळ बंद. मागचा पंखा चालू, पायलटच्या केबिनची खिडकी बंद, नसेल खिडकी तर प्लास्टिकचा पडदा. हिवाळ्यात पेशंटला थंडी वाजते म्हणून सगळं बंद करतात, तर त्याला चादर द्या.

गाडी पुसायला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) १ टक्का. बाजारातला ५ टक्क्यांचा असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी, रोज ताजं. मारून लगेच पुसू नका, दहा मिनिटं ओलं राहू द्या. स्टीलवर, प्लास्टिकवर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरतो. स्ट्रेचरच्या धातूला आणि मॉनिटरला हायपो नको, तिथे स्पिरिट. दाराची आतली कडी कुणीच पुसत नाही.

लहान मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कधीच नाही. पॅरासिटामॉल.

सगळ्या गाड्या फ्लूला जुंपणं

आता साहेब लोकांसाठी. साथ आली की पहिला आदेश निघतो: इतक्या गाड्या फक्त फ्लूसाठी राखीव. मग त्या गाड्या दवाखान्यांच्या दारात अडकतात, आणि ज्याच्या छातीत कळ आली तो रिक्षाने जातो. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्याला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ एएलएस (गंभीर पेशंटसाठी प्रगत साधनांच्या), बाकीच्या बीएलएस (प्राथमिक साधनांच्या). साथीत त्या वाढत नाहीत. बाळंतपणं, अपघात, सर्पदंश, हार्ट ॲटॅक सुट्टी घेत नाहीत. राखीव ठेवायच्याच असतील तर बीएलएस ठेवा, एएलएस मोकळी सोडा, आणि ‘अ’च्या पेशंटला गाडीच देऊ नका, भले तो नगरसेवकाचा भाचा असो.

दुसरी चूक, सगळी माणसं रोज हजर राहतील असं धरून वेळापत्रक लावणं. अमेरिकी नियोजनात साथीच्या शिखरावर ४० टक्के कर्मचारी गैरहजर राहतील असं धरत असत: कुणी आजारी, कुणी घरच्यांच्या सेवेत, कुणी नुसता घाबरलेला. आपल्याकडे डॉक्टरांची बदली यादी असते, पायलटची नसते. डॉक्टर मिळतो, गाडी चालवणारा मिळत नाही, आणि गाडी उभी. हातात घाटाचा सराव असलेले दोन पायलट प्रत्येक तळाला जादा हवेत. गाडी धुणाऱ्या माणसालाही मास्क आणि जाड हातमोजे द्या. खरेदीच्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं.

आणि लशीच्या भरवशावर नियोजन करू नका. दरवर्षीची लस सगळ्यांना टोचाच, साथीच्या हंगामाआधी, कारण असर यायला दोनेक आठवडे लागतात. पण नवा विषाणू आला तर ती त्याला लागू पडेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली ११ जून २००९ ला. देशी बनावटीच्या लशी बाजारात यायला २०१० चे जून-जुलै उजाडले. १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचंही जाहीर झालं.